घरात मांजर असताना निवाऱ्यातलं पिल्लू आणलं: विलगीकरणाचा पूर्ण अनुभव

प्राण्यांच्या निवाऱ्यातलं मांजराचं एक पिल्लू काही आठवडे घरी सांभाळायचं ठरलं, तेव्हा पहिली काळजी पिल्लाची नव्हती, घरच्या मांजरीची होती. ती वयाने मोठी, कधी घराबाहेर न पडलेली. निवाऱ्यात पुष्कळ मांजरं एका छताखाली राहतात, रोज नवी येतात, आणि कुठला ना कुठला आजार तिथे फिरत असतोच. तो आपल्या हातांवरून, चपलांवरून, कपड्यांवरून तिच्यापर्यंत आला तर काय, ही भीती खरी आहे. ती वाटणाऱ्याला कुणी वेड्यात काढू नये. आता विलगीकरण पार पडलं आहे, म्हणून सगळं जसं घडत गेलं त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. जंतू मारणारं औषध किती कडक वापरता यापेक्षा कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर करता, याने जास्त फरक पडतो.

सुरुवात पिल्लू येण्याच्या तीन-चार आठवडे आधी करावी लागते. घरच्या मांजरीचं लसीकरणाचं पुस्तक काढा आणि शेवटच्या डोसची तारीख बघा. मूळ लस तीन आजारांवर असते: पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार), आणि मांजरांना सर्दी आणणारे हर्पिसव्हायरस व कॅलिसीव्हायरस. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत निदान सोळा आठवड्यांपर्यंत न्यावं लागतं, मग सहा महिन्यांच्या वयाला किंवा वर्षाने बूस्टर, आणि पुढे बहुतेक घरांतल्या मांजरांना तीन वर्षांनी एकदा. मधल्या काळात एखादा डोस चुकला असेल तर पिल्लू आणण्याआधीच तो भरून काढायचा. लस टोचली त्याच दिवशी संरक्षण तयार होत नाही, म्हणून निदान दोन आठवडे हातात असू द्या. पुस्तकात लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लिहिलेली किंवा बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं आहे ना, ते तिथेच तपासून घ्या. निवारा पिल्लू देताना घरच्या मांजरीच्या लसीकरणाचा पुरावा मागू शकतो, आणि नुसती तारीख लिहिलेलं पान तिथे चालेलच असं नाही.

लसीकडून काय अपेक्षा ठेवायची हेही डॉक्टरांशी बोलून नीट समजून घ्या. पॅनल्यूकोपेनियाची लस फार चांगली आहे. पूर्ण डोस झालेल्या निरोगी मांजराला हा आजार सहसा होत नाही. हर्पिस आणि कॅलिसीचं तसं नाही. लस घेतलेल्या मांजरालाही संसर्ग होऊ शकतो, फक्त आजार सौम्य राहतो. म्हणजे ‘लस झाली आहे, आता दार उघडं ठेवलं तरी चालेल’ हा हिशोब पॅनल्यूकोपेनियाच्या बाबतीत कदाचित टिकेल, सर्दीच्या बाबतीत टिकणार नाही. ल्युकेमिया विषाणूची, म्हणजे एफईएलव्हीची लस वेगळी असते. तिचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे ती द्यायची असेल तर तयारी आणखी आधी सुरू करावी लागते.

नंतर खोली. सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे फरशी आणि टाइल्सची, दार नीट बंद होणारी आणि रोज वापरात नसलेली खोली. जास्तीचं बाथरूम असेल तर उत्तमच. गालिचा, गादीचा सोफा, कापडी पडदे, लाकडी मांडण्या हे सगळं बाहेर काढा. जे धुता किंवा पुसता येत नाही ते आत नको, हा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरतो. पिल्लाला लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या, ते शेवटी फेकून देता येतं. दाराखालची फट बघा. दोन्ही बाजूंनी पंजे घालून एकमेकांना शिवण्याची जागा तीच असते, त्यामुळे तिथे जाड टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवावी लागते. शिंकेतून उडणारे थेंब साधारण एक-दीड मीटरपर्यंत जातात. बंद दार त्यांना पुरेसं आहे, जाळीचं दार किंवा पिंजरा नाही.

खोलीतली एकही वस्तू बाहेर येणार नाही आणि बाहेरची आत जाणार नाही, अशी सोय आधीच करून ठेवा. वेगळा लिटर ट्रे आणि स्कूप, दोन स्टीलच्या वाट्या, झाकणाची कचरापेटी, वेगळा झाडू आणि पुसायचं फडकं, वजनकाटा, थर्मामीटर, पेपर टॉवेल, हातमोजे. प्रत्येक वस्तूवर लाल चिकटपट्टी लावली तर घरातल्या दुसऱ्या कुणी चुकून स्कूप उचलून इकडचा तिकडे नेण्याचा प्रश्न राहत नाही. प्लॅस्टिकच्या वाट्यांना चरे पडतात आणि त्यांत घाण बसते, म्हणून स्टील. दाराच्या आतल्या बाजूला एक जोडी रबरी चपला आणि खुंटीवर एक पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. आत पाऊल टाकताना ते घालायचं, निघताना तिथेच काढायचं. खर्चाचं म्हणाल तर एकेक वस्तू स्वस्त असते, पण लिटर, हातमोजे आणि पेपर टॉवेल दर आठवड्याला पुन्हा आणावे लागतात. त्यांचा अंदाज आधी धरा.

आता निर्जंतुकीकरण. यावर जरा थांबून लिहिते, कारण गल्लत इथेच जास्त होते.

पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं. म्हणून तो चिवट आहे. घरातल्या तापमानाला तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. कॅलिसीलाही तसं आवरण नसतं, तो कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी महिनाभर तग धरतो. अल्कोहोलचं सॅनिटायझर मुख्यतः त्या चरबीच्या आवरणावर काम करतं. त्यामुळे पॅनल्यूकोपेनियावर त्याचा भरवसा धरता येत नाही आणि कॅलिसीवरही ते कमी पडतं. नेहमीचे सुगंधी फ्लोअर क्लीनर, ज्यांत क्वाटर्नरी अमोनियम असतं, त्यांचंही तेच. हर्पिसव्हायरस मात्र नाजूक असतो. ओल राहिली तर अठराएक तास जगतो, कोरडं पडलं की लवकर संपतो. एफईएलव्ही आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू) तर शरीराबाहेर फार काळ टिकत नाहीत, ते कपड्यांवरून घरी येण्याची भीती बाळगायचं कारण नाही. पहिला प्रामुख्याने लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच वाटीतून पसरतो, दुसरा मुख्यतः चाव्यातून.

म्हणजे ज्या औषधाने पॅनल्यूकोपेनिया मरेल ते वापरलं की बाकीचे विषाणू आपोआप त्यात येतात. घरात सहज मिळणारं तसं औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आपलं साधं ब्लीच. प्रमाण एकास बत्तीस. बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्याला साधारण ३० मिली. दहा टक्क्यांचं असेल तर १५ मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नका, औषधाच्या बाटलीसोबत मिळणारं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. वाफेने मांजराच्या आणि आपल्या नाका-डोळ्यांची आग मात्र होते.

आधी घाण काढायची, मग साबणाच्या पाण्याने घासून धुवायचं, धुतलेलं पाणी पुसून घ्यायचं, आणि त्यानंतर ब्लीच. विष्ठेचा, उलटीचा किंवा अन्नाचा थर तसाच राहिला तर ब्लीच त्या थरावरच खर्ची पडतं आणि खालचा विषाणू शाबूत राहतो. लावल्यावर पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. फरशीवर पातळ फवारा मारला तर तो तीन-चार मिनिटांत सुकतो, म्हणून भरपूर ओतून पसरवावं लागतं किंवा मधे पुन्हा ओलं करावं लागतं. त्यानंतर साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. कोरडी झाल्याशिवाय त्या जागेवर मांजर सोडायचं नाही, कारण ते पंजे चाटतं. पाण्यात मिसळलेलं ब्लीच उजेडाने आणि वेळेने निकामी होतं. रोज ताजं करा, उरलेलं ओतून द्या, बाटली अपारदर्शक ठेवा.

ब्लीच टॉयलेट क्लीनरमधल्या आम्लाशी किंवा अमोनियाशी कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. मांजराच्या लघवीतही अमोनिया असतो. लिटर ट्रेमधलं भिजलेलं लिटर काढून, ट्रे साबणाने धुऊन मगच त्यात ब्लीच घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

फिनाईल, पाइन तेलाचे क्लीनर आणि टी ट्री तेल मांजराच्या घरात नकोत. अशी रसायनं निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. फरशी स्वच्छ वासाची होईल आणि मांजर आजारी पडेल. ब्लीचचा वास सहन होत नसेल तर अॅक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेट असलेली उत्पादनं पशुवैद्यकीय दुकानांत मिळतात. ती महाग पडतात, पण वाफ कमी असते. लेबलवर दिलेलं प्रमाण आणि ओलं ठेवण्याचा वेळ तंतोतंत पाळा.

पिल्लू आणायचा दिवस कागदपत्रांत जातो. निवाऱ्याच्या टेबलावर घाई असते, तरी कागद नीट वाचून घ्या. सांभाळण्याच्या करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: दवाखान्याचा खर्च कोण देणार, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, आणि रात्री-बेरात्री तब्येत बिघडली तर मोठ्या उपचाराचा निर्णय कोण घेणार. शेवटचा मुद्दा आधी ठरला नसेल तर नेमक्या नको त्या वेळी फोनाफोनीत तास जातो. पिल्लाच्या लसीच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा, केलेल्या चाचण्यांचे निकाल लेखी घ्या. आणि एक प्रश्न तोंडाने जरूर विचारा: याच्या शेजारच्या पिंजऱ्यात किंवा याच्या भावंडांत गेल्या दोन आठवड्यांत कुणाला उलटी, जुलाब, शिंका किंवा केस गळणं झालं का? फॉर्ममध्ये हा रकाना सहसा नसतो, पण सांभाळणाऱ्या माणसाला उत्तर माहीत असतं.

तिथे असताना बाकीच्या मांजरांना हात लावायचा मोह टाळणं अवघड जातं. पिंजऱ्यातून पंजा बाहेर येतो, आवाज येतो. तरी नकोच. ज्या पिल्लाला घरी न्यायचं आहे त्याच्यासाठीही नको, आणि घरी वाट बघणारीसाठीही नको.

घरी जाताना वाटेतच दवाखाना केला तर बरं. कॅरिअर घरून धुऊन नेलेलं असावं, वरून चादर टाकावी. वेटिंग रूममध्ये ते जमिनीवर ठेवू नका. कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूचे आताचे प्रकार मांजरालाही लागू शकतात, आणि दवाखान्याची फरशी ही सगळ्या आजारी प्राण्यांची सामायिक जागा असते. मांडीवर किंवा खुर्चीवर ठेवा, किंवा नंबर येईपर्यंत बाहेरच थांबा.

पहिल्या तपासणीत वजन, तापमान, कान, दात, त्वचा आणि विष्ठा बघतात. विष्ठेचा ताजा नमुना झाकणाच्या डबीत घेऊन गेलात तर दुसरी फेरी वाचते. पिसवा आहेत का, हे बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर विंचरून कळतं. जिवंत पिसू दिसेलच असं नाही. कंगव्यात काळ्या मिरपुडीसारखे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या पेपर टॉवेलवर झटका आणि थोडं थांबा. साधी धूळ तशीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस-तपकिरी ओघळ पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. असं दिसलं की औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच आणि वजनाप्रमाणेच घालायचं. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला जीवघेणं ठरतं, घरातल्या कुत्र्याचं उरलेलं औषध वापरायचा विचारही नको.

एफईएलव्ही-एफआयव्हीची झटपट चाचणी रक्ताच्या काही थेंबांवर होते आणि तिथेच काही मिनिटांत निकाल मिळतो. पण पहिला निकाल अंतिम नसतो. अगदी अलीकडे संसर्ग झाला असेल तर निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून एफईएलव्हीसाठी निदान तीस आणि एफआयव्हीसाठी साठ दिवसांनी पुन्हा तपासतात. उलट, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात एफआयव्ही पॉझिटिव्ह आला तरी तो आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचा असू शकतो. त्या निकालाने हादरून जायचं नाही आणि त्यावरून पिल्लाचं भवितव्यही ठरवायचं नाही.

घरी आल्यावर कॅरिअर थेट त्या खोलीत. वाटेत कुठेही टेकवायचं नाही. मग चपला दाराशी, अंगावरचे कपडे सरळ धुवायला, आणि अंघोळ. घरची मांजर पायाशी येऊन हुंगत असते, ते सगळं उरकेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. कपडे धुताना मशीन ठासून भरू नका, पाणी कपड्यांमधून फिरलं पाहिजे आणि कपडे एकमेकांवर घासले गेले पाहिजेत. नुसत्या गरम पाण्याने पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू मरेलच असं नाही. संशय असेल तर ब्लीच चालणारेच कपडे आत वापरावेत, म्हणून तो जुना शर्ट पांढरा सुती असलेला बरा.

पुढचे दोन आठवडे दिनक्रमाचे. सकाळी आधी घरच्या मांजरीचं सगळं: खाणं, पाणी, लिटर, खेळणं, औषध असेल तर औषध. सगळं झालं की मग पिल्लाची खोली. उलट क्रम कधीच नाही, घाई असली तरी नाही. खोलीतून निघताना शर्ट-चपला आत, हातमोजे आतून बाहेर उलटवत काढून कचरापेटीत, आणि हात साबणाने वाहत्या पाण्याखाली निदान वीस सेकंद. साबण चिवट विषाणू मारत नाही, पण चोळण्याने आणि पाण्याने तो हातावरून निघून वाहून जातो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. बोटांच्या बेचक्या, नखांखाली आणि मनगटापर्यंत. अंगठी काढून ठेवा. मोबाइल आत नेऊ नका. फोटो काढायचा मोह होतो, पण फोन ही अशी वस्तू आहे जी आत हातमोज्याने धरली जाते आणि बाहेर येऊन सोफ्यावर पडते, जिथे मांजर झोपते.

नोंदवही ठेवा. रोज ठरावीक वेळी पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये, खाल्लेलं अन्न, विष्ठेचं स्वरूप, शिंका, डोळ्यांतून पाणी. वाढत्या पिल्लाचं वजन रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. आजाराची पहिली खूण पुष्कळदा काट्यावर दिसते, चेहऱ्यावर नंतर. तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. घरच्या मांजरीचीही अशीच छोटी नोंद ठेवली तर रात्री दोन वाजता तिला एक शिंक आली म्हणून झोप उडत नाही. आपल्याकडे कालचं आणि परवाचं लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघता येतं.

हे चौदा दिवस कुठून आले, तेही सांगते. पॅनल्यूकोपेनिया संसर्गानंतर साधारण २ ते १० दिवसांत दिसतो, हर्पिस आणि कॅलिसी बहुधा आठवडा-दहा दिवसांत. दोन आठवड्यांत हे तिन्ही वर येतात. पिल्लू एकदम गळून गेलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं पण पीत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लहान पिल्लं एका दिवसात हाताबाहेर जातात. दवाखान्यात कुत्र्यांच्या पार्व्होची विष्ठेवरची पट्टी चाचणी वापरतात, ती मांजराचा पॅनल्यूकोपेनियाचा विषाणूही पकडते. नुकतीच लस दिली असेल तर क्वचित फिकट रेष येऊ शकते आणि खऱ्या आजारातही कधी निगेटिव्ह येते, म्हणून सोबत रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. त्या फार घटलेल्या असतील तर संशय बळावतो. फोन करून जा, म्हणजे ते तुम्हाला वेटिंग रूममध्ये न बसवता वेगळ्या दाराने आत घेतील. भरती करावं लागलं तर तो खर्च मोठा असतो. लसीचा खर्च त्याच्यापुढे काहीच नाही.

पॅनल्यूकोपेनिया पक्का झाला तर घरच्या मांजरीच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. बरं झालेलं पिल्लूही सहा आठवड्यांपर्यंत विष्ठेतून विषाणू टाकू शकतं, त्यामुळे विलगीकरण तेवढं लांबतं. खोकी, खरडायचे खांब, मऊ खेळणी, लाकडी वस्तू फेकून द्या. आणि त्या घरात पुढे लस पूर्ण न झालेलं पिल्लू वर्षभर तरी आणू नका.

नुसत्या शिंका आणि डोळ्यांतून पाणी असेल तर इतकं घाबरायचं कारण नाही, पण दार बंदच. हर्पिस झालेल्या मांजरात तो विषाणू आयुष्यभर दबून राहतो आणि ताण आला की पुन्हा वर येतो. घरच्या मांजरीलाही लहानपणी सर्दी होऊन गेलेली असेल, तर नव्या मांजराच्या नुसत्या वासाच्या ताणाने तिला स्वतःचाच हर्पिस उसळू शकतो. शिंक आली की पिल्लाकडूनच लागण झाली असं लगेच धरू नका. तिची झोपायची जागा, जेवणाची वेळ आणि तुमच्यासोबतचा वेळ जसाच्या तसा ठेवणं हाही संसर्ग टाळण्याचाच भाग आहे.

गजकर्णाचं वेळापत्रक मात्र वेगळं. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी लागल्यानंतर डाग दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून चौदाव्या दिवशी सगळं छान दिसलं तरी दार उघडायची घाई करू नये. कानाच्या कडा, नाकाचा वरचा भाग, पंजांच्या बोटांमधली जागा उजेडात रोज बघा. केस तुटून विरळ झालेला, करड्या कोंड्याचा गोल डाग दिसला तर डॉक्टर अंधारात वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरतात. खरा संसर्ग असेल तर बहुधा केसाचा दांडा, बुडापासून, कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखा हिरवा चमकतो. कोंडा, मलम किंवा डोळ्यांतलं पाणीही चमकतं, पण त्याचा रंग वेगळा असतो आणि ते केसाला धरून नसतं. दिवा आधी पाच मिनिटं तापू द्यावा लागतो आणि आपले डोळेही अंधाराला सरावावे लागतात, नाहीतर दिसत असूनही दिसत नाही. तेच केस उपटून कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, पाठवतात. कल्चरचा निकाल यायला तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात, पीसीआर काही दिवसांत येतो आणि त्याचे पैसे जास्त पडतात. वाट बघण्याचा हा काळ सगळ्यांत कंटाळवाणा आणि जिवाला लागणारा. पिल्लू ठणठणीत असतं, खेळायला बोलावत असतं, आणि आपण मात्र पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालूनच त्याला उचलतो. तरी तसंच उचला. ही बुरशी माणसांनाही लागते.

या बुरशीच्या बाबतीत औषधाहून घरात गळलेले केस काढणं महत्त्वाचं. रोज कोरडं झाडू मारून केस उडवू नका, ओल्या फडक्याने किंवा चिकट रोलरने उचला. कपडे मशीनमध्ये लांब सायकलवर दोनदा धुवा. मशीनमधलं आणि ड्रेनच्या जाळीतलं केसांचं लोळकं पुसून काढा. मग एकास बत्तीस ब्लीच पुन्हा कामी येतं.

विलगीकरणाच्या काळात पिल्लाशिवायही आजार घरात येऊ शकतात, ते विसरू नये. रस्त्यावरच्या मांजराला कुरवाळलं तर घरी येऊन हात धुवा. कच्चं मांस आणि कच्चं दूध मांजराला देऊ नका. २०२३ मध्ये पोलंडमध्ये आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मांजरं एच५एन१ बर्ड फ्लूने दगावली, आणि अमेरिकेतल्या दुग्धशाळांतली मांजरं आजारी गायींचं कच्चं दूध प्यायलेली होती. घरातल्या माणसाला कोविड किंवा फ्लू असेल तर मांजराचं खाणं-पिणं दुसऱ्या कुणाकडे द्या, तिला तोंडाशी घेऊन झोपू नका. वापरलेलं मांजराचं फर्निचर, विशेषतः कापडाने मढवलेले खांब, कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. ते निर्जंतुक होत नाहीत.

दोन मांजरांची ओळख करून देताना पहिल्या दिवसापासून त्यांची अंथरुणं अदलाबदल करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. वासाची ओळख म्हणून तो बरोबर आहे, पण विलगीकरण चालू असताना तो चुकीचा आहे. ज्या टॉवेलवर पिल्लू झोपलं तो घरच्या मांजरीपुढे ठेवणं म्हणजे दार उघडण्यासारखंच. अदलाबदल विलगीकरण संपल्यावर सुरू करा. त्याआधी ओळख फक्त बंद दाराआडून येणाऱ्या आवाजाची.

पिल्लाचं काय, हा प्रश्न मनात सलतो. लहान जीव दिवसभर एकटा. म्हणून खोलीत दिवसातून तीन-चार वेळा निवांत बसायला जा, केवळ साफसफाईला नाही. फेकून देता येणारी खेळणी द्या: कागदाचा बोळा, दोरीला बांधलेली पुठ्ठ्याची पट्टी. माणसाची सवय याच वयात लागते, आणि बंद खोलीतही ती लागू शकते.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा दवाखाना. विष्ठेची दुसरी तपासणी, जंताच्या औषधाचा पुढचा डोस, लसीचा पुढचा डोस, त्वचेवर पुन्हा एकदा नजर. लक्षणं नाहीत, वजन वाढतंय, त्वचा स्वच्छ आहे आणि प्रलंबित निकाल आले आहेत, असं असेल तर डॉक्टर दार उघडायला हरकत नाही म्हणतात. एफईएलव्हीची दुसरी चाचणी बाकी असेल तर वाट्या वेगळ्या ठेवा आणि एकमेकांना चाटणं-चावणं होऊ नये म्हणून दोघांना देखरेखीशिवाय एकत्र सोडू नका. ज्यांना जमेल त्यांनी तोवर दारच बंद ठेवावं, ते जास्त सुरक्षित.

दार उघडण्याच्या आदल्या दिवशी खोलीची पूर्ण धुलाई: घाण, साबण, ब्लीच, दहा मिनिटं, पाणी, कोरडं. खोकं आणि कागदी खेळणी कचऱ्यात, पिशवीचं तोंड बांधून. कॅरिअरचे दोन्ही भाग सुटे करा, कडीच्या खाचा आणि स्क्रूची भोकं जुन्या टूथब्रशने घासा, घाण तिथेच अडकून राहते. लाल पट्टीच्या वस्तू धुऊन एका झाकणाच्या डब्यात भरा आणि वर पिल्लाच्या पुढच्या डोसची आणि दुसऱ्या रक्तचाचणीची तारीख लिहून ठेवा.